फळमाशीच्या पेशीतील घड्याळ

अखंड अंधारात ठेवलेली फळमाशीसुद्धा साधारण 24 तासांच्या लयीने जागी होते आणि विसावते. ही लय तिच्या पेशींमध्येच असते. 1971 मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी तीन प्रकारच्या उत्परिवर्तित माश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकीचा दिवस 19 तासांचा होता, दुसरीचा 28 तासांचा, आणि तिसरीच्या वागण्यात लयच उरली नव्हती. तिन्ही दोष एकाच जनुकातले होते. त्याचे नाव ‘पिरियड’.

या जनुकापासून बनणारे ‘पर’ हे प्रथिन स्वतःच्याच निर्मितीला आवर घालते. ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ या प्रथिनांची जोडी ‘पिरियड’ आणि ‘टाइमलेस’ ही जनुके कार्यान्वित करते, आणि तयार झालेले ‘पर’ केंद्रकात शिरून त्याच जोडीला निष्प्रभ करते. मात्र हा लगाम तत्काळ बसला असता, तर प्रथिनाचे प्रमाण मधल्याच एखाद्या पातळीवर स्थिरावले असते. घड्याळ चालते ते विलंबामुळे.

तो विलंब प्रथिनांच्या परस्परसंबंधांतून निर्माण होतो. एकटे ‘पर’ फार काळ टिकत नाही, कारण ‘डबलटाइम’ हे विकर त्याला फॉस्फेट गट जोडत राहते आणि पेशी असे ‘पर’ नष्ट करून टाकते. ‘टाइमलेस’पासून बनणारे ‘टिम’ त्याला बिलगले, की ते तगते. ही जोडी केंद्रकात एकत्रच प्रवेश करते, असे बराच काळ मानले जात होते. परंतु चमकणारी प्रथिने जोडून जिवंत पेशींचे निरीक्षण केले, तेव्हा निराळेच दृश्य दिसले: दोघे पेशीद्रवात सुमारे सहा तास एकत्र राहतात, मग अल्पावधीत विलग होतात आणि त्यानंतर केंद्रकात जातात. हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण भाग हाच आहे, कारण येथे दोन रेणूंचा सहवासच वेळ मोजतो.

सकाळी प्रकाश पडताच ‘क्रिप्टोक्रोम’ हे प्रथिन ‘टिम’शी जोडले जाते आणि ‘टिम’ नष्ट होते. आधार गेलेले ‘पर’ही हळूहळू संपते, ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ मोकळे होतात आणि नवे चक्र सुरू होते.

या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोनोप्का आणि बेंझर तोवर हयात नव्हते. यंग यांच्याच प्रयोगशाळेत ‘डबलटाइम’चा शोध लागला होता. या विकरातील केवळ एक अमिनो आम्ल बदलले, तरी माशीचा दिवस काही तासांनी आखूड होतो किंवा लांबतो.