समाधान आधी, की चांगलं काम आधी?

नमस्कार.

आजच्या विषयाचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, असं बहुतेकांना वाटतं. कामात खूश असलेला माणूस जीव ओतून काम करतो, नाखूश माणूस पाट्या टाकतो. तेव्हा माणसं खूश ठेवा, काम आपोआप सुधारेल. हे इतकं सरळ वाटतं की तपासून पाहायची गरजही भासत नाही. पण मानसशास्त्रज्ञांनी ते तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि कित्येक वर्षं त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. ते का लागलं नाही, हे आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी थोडे आकडे. दोन गोष्टींचं नातं किती घट्ट आहे हे सांगायला सहसंबंधाचा आकडा वापरतात. शून्य म्हणजे नातंच नाही; एक म्हणजे एकीवरून दुसरी अचूक सांगता येते. १९५५ मध्ये ब्रेफील्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरचे अभ्यास चाळले आणि समाधान व कामगिरी यांत ठोस नातं दिसत नाही, असं लिहिलं. १९६४ मध्ये व्हिक्टर व्रूम यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा मधला आकडा निघाला ०.१४. १९८५ मध्ये आयफाल्डानो आणि मुचिन्स्की यांना मिळाला ०.१७. हे नातं म्हणजे निव्वळ भास, असं त्यानंतर बरीच वर्षं मानलं गेलं. मग २००१ मध्ये टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, म्हणजे ५४,००० हून जास्त माणसांची माहिती, पुन्हा तपासली. त्यांचा आक्षेप असा होता, की आधीच्या मोजणीत पगाराबद्दलचं समाधान, वरिष्ठांबद्दलचं समाधान, बढतीबद्दलचं समाधान असे सुटे तुकडे घेऊन त्यांची सरासरी काढली होती. एकूण कामाबद्दल माणसाला काय वाटतं, हे त्यात हरवलं होतं. ते दुरुस्त करून, आणि मोजमापातली ढिलाई हिशेबात धरून, त्यांना आकडा मिळाला ०.३०.

०.३० म्हणजे नक्की किती? कामाबद्दल बऱ्यापैकी समाधानी असलेली शंभर माणसं घ्या. त्यांतली साधारण साठ कामगिरीच्या वरच्या अर्ध्यात बसतील, चाळीस खालच्या. नाखूश शंभरांचं बरोबर उलटं, साठ खाली आणि चाळीस वर. म्हणजे आपली समजूत खोटी नाही, पण आपण समजतो तेवढी पक्कीही नाही. मला यातले शेवटचे चाळीस फार अस्वस्थ करतात. मन रमलेलं नाही, तरी काम चोख. अशा माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. टार्गेट पूर्ण होतंय, तक्रार नाही, अप्रेझल चांगलं. मग एके दिवशी राजीनामा येतो आणि वरिष्ठ म्हणतात, ‘याचं तर सगळं छान चाललं होतं!’ काम छान चाललं होतं. माणसाचं काय चाललं होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नातं इतकं क्षीण का दिसतं?

याचं मला सगळ्यांत बोलकं वाटणारं उत्तर एका बर्फाच्या वादळात सापडतं. एप्रिल १९७५. शिकागोत अवेळी मोठं वादळ झालं, रस्ते आणि वाहतूक विस्कळीत झाली. तिथे सीअर्स कंपनीचं मुख्यालय होतं. पगारदार कर्मचाऱ्यांना कामाबद्दल काय वाटतं, याचं सर्वेक्षण कंपनीने आधीच करून ठेवलेलं होतं. फ्रँक स्मिथ या संशोधकाला एक संधी दिसली. एरवी ऑफिसात हजर राहणं हे नोकरीचं बंधनच असतं. माणूस खूश असो वा नसो, तो येतोच. पण त्या दिवशी न येणं सगळ्यांना समजण्यासारखं होतं, आणि येणं मात्र कष्टाचं होतं. यायचं की नाही, हा निर्णय खऱ्या अर्थाने ज्याचा त्याचा होता. स्मिथने विभागवार हजेरी काढली. ज्या विभागांतली माणसं कामाबद्दल समाधानी होती, त्या विभागांत त्या दिवशी हजेरी जास्त होती. नातं स्वच्छ दिसलं. मग त्याने त्याच दिवसाची न्यूयॉर्कच्या ऑफिसची हजेरी पाहिली. तिथे हवा ठीक होती. तिथे समाधान आणि हजेरी यांत जवळजवळ काहीच नातं नव्हतं.

कंपनी एकच, तारीख एकच, मोजमाप एकच. फरक एवढाच, की एका शहरात माणसाला निवड करायला वाव होता, दुसऱ्यात नव्हता. हा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या विषयावरच्या कितीतरी जाडजूड ग्रंथांपेक्षा तो जास्त शिकवतो. जिथे काम किती, कसं, किती वेगाने करायचं हे सगळं बाहेरून ठरलेलं असतं, तिथे मनाला कामगिरीपर्यंत पोचायला वाटच नसते. पट्ट्यावरून मिनिटाला ठरावीक नग येत असतील, तर आनंदी माणूसही तेवढेच जोडणार आणि वैतागलेलाही तेवढेच.

वाट बंद करणारी यंत्रंच असतात असं नाही, सोबतची माणसंही असतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग तुम्ही ऐकले असतील. बहुधा दिव्यांच्या उजेडाचे. त्यांच्यापेक्षा मला १९३१-३२ मधलं निरीक्षण महत्त्वाचं वाटतं. टेलिफोनच्या स्विचची जोडणी करणाऱ्या १४ पुरुषांना एका खोलीत काम करताना महिनोन्‌महिने पाहिलं गेलं. मोबदला पूर्ण गटाच्या उत्पादनावर ठरत होता, म्हणजे जास्त काम केलं तर सगळ्यांचाच फायदा. तरी त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं, की दिवसाचं रास्त काम एवढंच. कुणी त्यापुढे गेला तर शेजारी त्याच्या दंडावर ठोसा मारायचा. आपण वेग वाढवला तर वरचे लोक दर कमी करतील, ही भीती त्यामागे होती. अशा खोलीत एखाद्याला कामाची कितीही आवड असो, ती आकड्यात उतरणार कशी?

म्हणूनच जज यांच्या अभ्यासात, जिथे काम गुंतागुंतीचं आहे, जिथे माणसाला स्वतःचं डोकं वापरावं लागतं, तिथे ०.३० चा आकडा ०.५२ वर जातो. शास्त्रज्ञ, डॉक्टर, प्रोग्रॅमर, शिक्षक यांच्या कामात नाखुशी लपत नाही. फाईल निकालात काढता येते, रुग्ण तपासून टाकता येतो, धडा संपवता येतो. पण आणखी एक प्रश्न विचारणं, आणखी एकदा तपासणं, हे मनातूनच यावं लागतं.

आणि आपण मोजतो काय, हेही पाहायला हवं. डेनिस ऑर्गन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की समाधानाचा परिणाम उत्पादनाच्या रकान्यात शोधण्यापेक्षा दुसरीकडे शोधायला हवा. नव्या माणसाला काम शिकवणं, सहकारी आजारी पडला तर त्याचं काम उचलणं, आपल्या टेबलाशी संबंध नसलेली चूक दिसली तरी ती सांगणं. यातलं काहीच ड्युटीच्या यादीत नसतं आणि न केल्याबद्दल मेमोही मिळत नाही. पण हे सगळं बंद पडलं, तर कुठलीही संस्था नुसत्या नियमांवर आठवडाभरही धड चालणार नाही. समाधानाशी याचं नातं सातत्याने दिसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. समाधानामुळे काम चांगलं होतं, की चांगल्या कामामुळे समाधान मिळतं? १९६७ मध्ये लॉलर आणि पोर्टर यांनी पारंपरिक समजूत उलटी करून मांडली: आधी चांगलं काम, त्याचं फळ मिळालं की समाधान. त्यानंतर १९७१ मध्ये चेरिंग्टन, राइट्झ आणि स्कॉट यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना तासभराचं काम दिलं. निम्म्यांना जादा बक्षीस दिलं, पण कुणाला द्यायचं हे कामगिरी पाहून ठरवलं नाही. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा समाधान आणि कामगिरी यांत नातं शून्याजवळ. मग त्यांनी गट वेगळे केले. काम चांगलं आणि बक्षीस मिळालं, किंवा काम खराब आणि बक्षीस नाही, अशांमध्ये नातं ठळकपणे सरळ होतं. काम चांगलं तरी बक्षीस नाही, काम खराब तरी बक्षीस, अशांमध्ये नातं उलटं झालं. तिथे कमी काम करणारे जास्त समाधानी होते!

हे वाचल्यावर मला अनेक ऑफिसं ओळखीची वाटू लागली. आपण म्हणतो, ‘आमच्याकडे सर्वेक्षणात समाधान चांगलं आलंय.’ कुणाचं चांगलं आलंय? खपणाऱ्यांचं, की ज्यांना काही पडलेलं नाही त्यांचं? मरमर काम करणाऱ्यावरच आणखी काम टाकायचं, कारण तो ‘नाही’ म्हणत नाही. टाळणाऱ्याला सोडून द्यायचं, कारण त्याच्या मागे लागण्यात वेळ जातो. आणि वर्षाअखेर दोघांना सारखीच वाढ. अशा जागी समाधानाची सरासरी वाढली तरी ती चांगली बातमी नाही. दीर्घकाळ माणसांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासांत कुठल्याच दिशेचा परिणाम मोठा दिसत नाही, याचं मला म्हणून आश्चर्य वाटत नाही. समाधान आणि काम यांना जोडणारा दोर निसर्गाने बांधून दिलेला नाही. तो त्या त्या जागी बांधावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो कुणीतरी कापून ठेवलेला असतो.

पगाराचा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून आताच बोलतो. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ मध्ये माणसं इतक्या वेगाने नोकरी सोडत होती, की गळतीचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी दिवसाला पाच डॉलर देऊ केले, जवळपास दुप्पट. १९१५ मध्ये गळती १६ टक्क्यांवर आली. पट्ट्यावरचं काम मात्र तेवढंच कंटाळवाणं राहिलं. पैसा माणसाला टिकवतो, यात शंकाच नको. पण २०१० मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा पगाराची पातळी आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध ०.१५ एवढाच निघाला. यातून ‘पगार कमी ठेवला तरी चालेल’ असा अर्थ काढणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. घर चालवायची चिंता असलेल्या माणसाला कामाच्या अर्थपूर्णतेवर प्रवचन देणं हा अन्याय आहे. आधी रास्त पगार द्यावा, मग बाकीचं बोलावं.

बाकीचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारी मुलं. दिवसभर नकार ऐकायचा, कधी अपमानही. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी त्यांच्यातल्या एका गटाला भेटला. पाचएक मिनिटं बोलला, त्यांनी प्रश्न विचारले, एवढंच. महिन्याभराने पाहिलं तर त्या गटाचा फोनवरचा वेळ आणि जमा झालेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त झाले होते. बाकीच्या गटांत फरक नाही. ना पगार वाढला, ना भाषण झालं, ना भिंतीवर घोषवाक्य लागलं. आपलं काम जिथे पोचतं ते टोक त्यांना पहिल्यांदा दिसलं.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कामगिरी वाढते म्हणून समाधान हवं, ही भाषा मला अपुरी वाटते. २००५ मध्ये फॅरागर, कॅस आणि कूपर यांनी ४८५ अभ्यास, अडीच लाखांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. कामातलं असमाधान आणि थकून कोसळणं, नैराश्य, चिंता यांचं नातं कामगिरीच्या नात्यापेक्षा कितीतरी घट्ट निघालं. उद्या कुणी सिद्ध केलं, की नाखूश माणूसही तेवढंच उत्पादन देतो, तरी माणसाच्या जागेपणाचे कितीतरी तास जिथे जातात ती जागा त्याला पोखरत असेल, तर ती बदलायलाच हवी.

तुमच्यातले जे टीम सांभाळतात, त्यांना माझी विनंती आहे. ‘तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या आठवड्यात तुमचं काम कशामुळे अडलं?’ लोक मोकळेपणाने बोलतात, कारण यात कुणाची निंदा करावी लागत नाही. मंजुरी यायला चार दिवस लागले. मशीन बंद होतं. दोन वरिष्ठांनी दोन वेगळ्या सूचना दिल्या. काम बदललं, पण ते का बदललं हे सांगितलंच नाही. सुरुवात त्या चाळिसांपासून करा, ज्यांचं काम उत्तम आहे आणि चेहरा उतरलेला आहे. ते कोण, हे तुम्हाला यादी न पाहताही ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेल्यांपैकी एक तरी अडचण महिन्याभरात दूर करा. जी दूर करणं तुमच्या हातात नसेल, ती का होत नाही हे त्यांना समोर बसवून सांगा. आणि कामातला एक तरी निर्णय, जो आज तुम्ही घेता, तो त्यांच्यावर सोपवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.