सतरंजीवरचं नेतृत्व

(दृश्य: जामखेड. गोल करून बसलेल्या बायका.)

जामखेड, अहिल्यानगर जिल्हा. खाली सतरंजी आणि तिच्यावर गोल करून बसलेल्या गावोगावच्या आरोग्य सेविका. यात डॉक्टर कोण, नर्स कोण, सेविका कोण, हे नुसतं बघून ओळखता येणार नाही. टेबल नाही, खुर्ची नाही. बोलायची पाळी प्रत्येकीला येते. गावात कोणाची बाळंतपणं जवळ आलीत, कोणाचा खोकला लांबलाय, कोणाच्या पोराचं वजन वाढत नाही. एक सांगते, बाकीच्या विचारतात, चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारतात.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये इथं आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले. आधी ते याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. बरा करून घरी पाठवलेला पेशंट तेच दुखणं घेऊन पुन्हा दारात येतो, हे त्यांनी तिथं पाहिलं. दुखण्याचं मूळ गावच्या पाण्यात होतं, रिकाम्या पोटात होतं. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघांनी जामखेड गाठलं.

पहिला आराखडा कागदावर चोख होता: खेड्यात शिकलेली नर्स राहील, घरोघर जाईल. पण त्या काळी एकटी नर्स खेड्यात मुक्कामाला राहायला धजेना, आणि गावही तिच्यापाशी मन मोकळं करीना. तेव्हा ठरलं, की बाई गावातलीच हवी आणि ती गावानंच निवडायची. निवडून आलेल्यांत बऱ्याच जणी शाळेची पायरी न चढलेल्या. कित्येक दलित. काही नवऱ्यानं टाकलेल्या.

इथं जरा थांबायला हवं. आयुष्यभर कमावलेली विद्या डॉक्टरनं अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हाती सोपवायची, याला मन मोठं लागतं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो, की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हे वचन किती वेळा वाचलं जातं! इथं ते सतरंजीवर येऊन बसलंय. ख्रिस्ती नेतृत्व म्हणजे काय, हे मला व्यासपीठांपेक्षा या गोलात जास्त कळलं.

(दृश्य: सेविकेची पिशवी. बाळंतपणाचं पाकीट. वही.)

आता ही पिशवी बघा. स्वच्छ बाळंतपणाचं पाकीट, त्यात नवं ब्लेड आणि नाळ बांधायचा दोरा. शेजारी वही. गरोदर बाया, लहान पोरं, वजनं, लसी, सगळं ओळीनं. नेतृत्वावर आपल्याकडे शिबिरं भरतात. या वहीवर कोणी शिबिर घेत नाही. व्यवस्थापन म्हणजे कारकुनी, आत्मिक माणसाचं ते काम नव्हे, असा समज मंडळ्यांमध्ये फार खोल गेलाय.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत मात्र तसं नव्हतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीतून डावललं जात होतं. कुरकुर वाढली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितलं. कामाची अट काय, तर नावलौकिक चांगला हवा, आणि माणूस पवित्र आत्म्यानं व ज्ञानानं भरलेला हवा. अन्न वाटायला! प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा आपल्याकडे ठेवली, पण वाटपावरही प्रार्थना करून हात ठेवले. आणि ते सात जण मंडळीनंच निवडले होते.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्यालाही त्याचा सासरा इथ्रो हेच सांगतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसशील तर तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. वाट दाखवणारा माणूस होताच. घडी बसवणारं कोणी नव्हतं.

(दृश्य: हापसा. हंड्यांची रांग.)

1972 चा दुष्काळ. पाण्यासाठी बोअर घ्यायचे होते. हापसे दलित वस्तीत बसवायचे ठरले. ज्याला पाणी हवं त्यानं तिथं यायचं. बोअर कुठं घ्यायचा ही व्यवस्थापनाची बाब. पण कोणाच्या दारात घ्यायचा, हे ठरवायला काळीज लागलं. दोन्ही एकाच खड्ड्यात उतरलं.

दर हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या घरात असलेले बालमृत्यू वीसेक वर्षांत पन्नासच्या आत आले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

(दृश्य: सेविका नवीन बाईला वजन घ्यायला शिकवते.)

मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये. जुनी सेविका नवीला शिकवते, आणि देशोदेशीचे लोक इथं शिकायला येतात.

ही फिल्म पंच कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीआधी मंडळीत दाखवा. नंतर मार्कचा दहावा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय एकत्र बसून वाचा. मग मदतीची यादी काढा आणि वाटणीत कोणती विधवा राहून गेली, ते उमेदवारांना विचारा.