नाचता येणाऱ्याचं अंगण

मंडळी, माझा धंदा गिटारी दुरुस्त करण्याचा. त्याआधी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. तेव्हा गिटार घ्यायची म्हणजे धोबीतलावला जायचं, ‘घ्यायची आहे की नुसतीच वाजवायची आहे?’ असं दुकानदार विचारेपर्यंत चारपाच गिटारी वाजवून बघायच्या आणि खिशाला परवडेल ती घेऊन लोकल पकडायची. आता उलटं झालंय. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा त्याने दुकानाची पायरी चढलेली नसते, पण त्या गिटारीवरचे बारा व्हिडिओ पाठ असतात.

गेल्या जुलैत अकरावीतला एक मुलगा आला. रिव्ह्यू बघून ऑनलाइन मागवलेली ॲकूस्टिक गिटार. म्हणाला, “काका, माझी बोटं कमजोर आहेत. सहा महिने झाले, एफ कॉर्ड लागतच नाही.” मी स्टीलची मोजपट्टी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या तारेवर, उभी धरली. सगळ्यात जाड तार फ्रेटपासून चार मिलिमीटर वर. ती अडीचच्या आसपास हवी. एक तर कारखान्यातूनच तारा उंच आलेल्या, त्यात आपला पावसाळा. दमट हवेने लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते, तिच्याबरोबर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उचलला जातो आणि तारा आणखी चढतात. बिचारा सहा महिने गिटार नव्हे, व्यायामशाळा वाजवत होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काहीही दुरुस्त करण्याआधी, सवयीने, मी ती गिटार होती तशीच वाजवली. पोरगं रडवेलं झालं. “तुमच्या हातात तर मस्त वाजते. म्हणजे माझंच चुकतंय.”

त्या दिवशी मला रिव्ह्यू ही काय भानगड आहे ते कळलं. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ज्याला नाचता येतं, त्याच्या नाचावरून अंगण सरळ आहे की वाकडं हे कळतच नाही! तो पाय बरोबर टाकतो. तारा उंच असतील तर बोटं आपोआप जोर लावतात, एखादी नोट बेसूर लागत असेल तर तिला नकळत ओढून सुरात आणतात. तो खोटं बोलत नसतो. त्याचे हात बोलतात.

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा. रिव्ह्यूवाल्याला कंपनीने पैसे दिले असतील का? वस्तू फुकट मिळाली असेल का? असेलही. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, त्यात नवल काय? म्हणून तर आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की पैसे, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत. पण मीठ दिसतं हो. इंग्लंडात गिल्डफर्डला अँडरटन्स नावाचं 1964 पासूनचं दुकान आहे. त्याचे मालक ली अँडरटन स्वतः व्हिडिओत बसतात. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं दिसलेल्या रॉब चॅपमन यांनी स्वतःच्या नावाची गिटार कंपनी काढली. ‘दॅट पेडल शो’मधले डॅन स्टाइनहार्ट पेडलं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डब्या, जोडायच्या स्विचिंग यंत्रणा बनवून विकतात. यात लपवाछपवी काहीच नाही. दुकानदार समोर बसलाय हे ठाऊक असलं की आपण दुकानदाराचं ऐकतो तसं ऐकतो, चार आणे सोडून. मला त्यांची भीती वाटत नाही. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून महाग-स्वस्त ओळखायचे खेळ याच मंडळींनी केलेत. त्यात स्वतः फसले, तेही दाखवलं.

जॉश स्कॉट यांचा किस्सा तर सांगायलाच हवा. अमेरिकेत जेएचएस नावाची पेडलांची कंपनी त्यांची स्वतःची, तरी व्हिडिओत दुसऱ्यांच्या पेडलांचं मनापासून कौतुक करतात. 2023 मध्ये त्यांनी डिजिटेकचं ‘बॅड मंकी’ घेतलं. तेव्हा कंपनीने बनवणं बंद केलेलं, जुन्या बाजारात पन्नासेक डॉलरला मिळणारं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज जरा फाटका करणारं पेडल. ते त्यांनी क्लॉन सेंटॉरसमोर ठेवलं, ज्याला लोक हजारो डॉलर मोजतात. बटणं जराशी फिरवली की दोन्ही जवळजवळ सारखी वाजतात हे दाखवलं. सांगायचं होतं एवढंच, की बाबांनो, महागाच्या मागे धावू नका. लोकांनी ऐकलं काय? ते माकडाच्या मागे धावले! काही दिवसांत त्याच पेडलाची मागणी शेकडो डॉलरवर गेली. आपल्याकडे माकडाच्या हाती कोलीत देतात, इथे माकडच कोलीत झालं. सांगणारा प्रामाणिक होता. ऐकणारे आपण होतो.

आता ऐकण्याबद्दल. माणसाच्या कानाची एक खोड आहे. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो आपल्याला जास्त ‘भरीव’ वाटतो. मोठा आहे हे कळतही नाही, चांगला आहे असंच वाटतं. त्यामुळे दोन पेडलांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली नसेल, तर तो व्हिडिओ बंद केलात तरी चालेल. दुसरं, ॲम्पसमोरचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यासमोरचा, माइक स्पीकरच्या मधोमध आहे की दोन बोटं बाजूला, यावर टोन इतका बदलतो की पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक, बदलल्यासारखं वाटावं. आणि एवढं सगळं होऊन तुम्ही ऐकता मोबाइलच्या स्पीकरवर. त्यावर लाकडाचा ‘उबदारपणा’ शोधायचा!

लाकडावरून आठवलं. नॅशव्हिलचे वादक जिम लिल. इलेक्ट्रिक गिटारचा टोन नेमका येतो कुठून, म्हणून ते एकेक गोष्ट बदलत गेले. लाकूड बदललं, भाग बदलले, प्रत्येक वेळी तेच वाजवलं. शेवटी गिटारच काढून टाकली. दोन बाकांमध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि वाजवलं. महागड्या गिटारीशी फरक सांगताना भलेभले चाचपडतात. मला हा माणूस आवडतो तो निष्कर्षासाठी नाही. तो मोजपट्टी दाखवतो, चुकला तर कुठे चुकला ते तुम्हाला पकडता येतं, म्हणून आवडतो. ‘ही गिटार गाते’ म्हणणाऱ्याला कोण पकडणार?

एक सावधगिरी आणखी. शिकवणारे वेगळे, पारख करणारे वेगळे. जस्टिन सँडरको 2003 पासून फुकट धडे देतायत, त्यांच्यामुळे जगभर कितीतरी जणांचा पहिला कॉर्ड लागला. अशा माणसावर जीव जडतोच. पण ज्याने आपल्याला ‘जी’ कॉर्ड शिकवला, त्याच्या हातातली गिटारही आपल्याला हवीशी वाटायला लागते. विश्वास असा गुपचूप सरकतो, माणसावरून वस्तूवर.

मग मी कुणाचं बघतो? नट आणि सॅडल, म्हणजे तारा ज्या दोन टोकांवर टेकतात ते, जवळून दाखवणाऱ्याचं. वाईट वाजवूनही दाखवणाऱ्याचं. वर्षानं तीच गिटार परत बाहेर काढून ‘फ्रेट झिजलेत, ट्यूनिंग टिकत नाही’ म्हणणाऱ्याचं. असे फार नाहीत, आणि त्यांच्या व्हिडिओंना बघणारेही कमी. इंग्लंड-अमेरिकेतल्या खोलीत वाजवलेली गिटार डोंबिवलीत ऑगस्टमध्ये कशी वागेल, हे मात्र त्यातलाही कुणी सांगत नाही. ते मला माझ्या टेबलावर कळतं, सर्दी झाल्यासारख्या येतात एकेक.

असो. हा पडदा दिसतोय ना, त्याच्यामागे दोन गिटारी आहेत. एक आठ हजारांची, एक पंचाऐंशी हजारांची. दोन्हींच्या तारा मी आज दुपारी एकाच उंचीला लावल्यात. कुठली कुठली ते ओळखून चिठ्ठीवर लिहायचं. वाजवणार मी नाही. तो अकरावीतला मुलगा, आता बारावीत गेलाय, आलाय इथे. ये रे. एफ अजून थोडा झणझणतो त्याचा, तेच हवंय आपल्याला. चिठ्ठ्या मिळाल्या सगळ्यांना? मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खिशात ठेवा.