काँगो: शेवटाला जाऊन खवळणारी नदी

नकाशावर काँगो नदीवर बोट ठेवा आणि तिच्या मागे मागे जा. झांबियाच्या पठारावरची चांबेशी हा तिचा सगळ्यात लांबचा उगम मानतात, पुढे दलदली, तळी ओलांडत तीच लुआलाबा होते आणि उत्तरेची वाट धरते, इतकी सरळ की आफ्रिका पालथी घालणाऱ्या ब्रिटिश प्रवासी लिव्हिंगस्टनला शेवटपर्यंत वाटत होतं, ही नाईलच असणार.

किसांगानी शहराच्या आधी बोयोमाचे सात धबधबे लागतात. इथले वागेनिया मच्छीमार उसळत्या पाण्यात लाकडी खांब रोवतात, वेलींनी घट्ट बांधतात आणि त्यावरून शंकूसारख्या भल्यामोठ्या टोपल्या सोडतात, मासा धारेबरोबर एकदा आत शिरला की त्याला मागे फिरताच येत नाही.

इथून नदी पश्चिमेला वळते, मग खाली दक्षिणेकडे. या वळणात ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. तिचं पाणलोट क्षेत्र दोन्ही गोलार्धांत पसरलंय, त्यामुळे उत्तरेत कोरडं असेल तेव्हा दक्षिणेत पाऊस चालू असतो, मुख्य नदी ओसरायला लागली की उत्तरेकडची उपनदी उबांगी भरून येते, उबांगी उतरली की दक्षिणेकडची कसाई. म्हणून ही नदी बारा महिने भरलेली! पाण्याच्या बाबतीत जगात फक्त अ‍ॅमेझॉन हिच्या पुढे.

किसांगानी ते किन्शासा हा जवळपास १,७०० किलोमीटरचा पट्टा म्हणजे जंगलातला हायवेच, रस्ते फारसे नाहीतच. बार्जवर माणसं, बकऱ्या, पोती, सगळं एकत्र, आणि पुढे उभा राहून एकजण बांबूने खोली मोजत असतो, कारण वाळूचे पट्टे जागा बदलतात. नदी एवढी रुंद की बोनोबो वानरं फक्त डाव्या तीरावर सापडतात आणि उजव्या तीरावर चिंपांझी.

बहुतेक नद्या डोंगरात दंगा करतात आणि समुद्राजवळ शांत होतात ना, हिचं नेमकं उलटं. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन काँगो देशांच्या समोरासमोरच्या राजधान्या मागे पडल्या की ती अरुंद घळीत घुसते आणि साधारण ३५० किलोमीटरमध्ये २७० मीटर खाली कोसळते. बोटी बंद! म्हणून तर घळीखालच्या मातादी बंदरापासून रेल्वे टाकावी लागली, ती १८९८ मध्ये पूर्ण झाली. याच पट्ट्यात खोली २२० मीटरच्या वर जाते, जगातल्या कुठल्याही नदीपेक्षा जास्त. तिथल्या अंधारात एक फिकट, आंधळा मासा राहतो, आणि तो वर सापडतो तो बहुतेक मेलेला नाहीतर मरायला टेकलेला, कातडीखाली हवेचे बुडबुडे, म्हणजे खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्याला होतं तेच.

समुद्राला मिळाल्यावरही ही थांबत नाही. मुखातूनच समुद्राच्या तळाशी एक खोल दरी सुरू होते, गाळ तिच्यातून आत निघून जातो, त्यामुळे मोठा त्रिभुज प्रदेशच तयार होत नाही. जानेवारी २०२० मध्ये या दरीतून गाळाचा असा लोंढा सुटला की तो १,१०० किलोमीटरहून लांब गेला आणि वाटेतल्या इंटरनेट केबल तोडून आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचं नेट स्लो करून टाकलं.