बीजाला द्यायचं, शुक्राणूकडून उतरवायचं

मघाशी सभागृहात येताना एका काकूंनी मला थांबवून विचारलं, "कोलेस्टेरॉल म्हणजे हृदयाचं दुखणं ना? मूलबाळ होण्याशी त्याचा काय संबंध?" आज त्यांनाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून किंवा पेशीच्या आत कुठेही जायचं तर त्याला बहुतेक वेळा कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ही हमाली प्रथिनं करतात. जननपेशींच्या बाबतीत ती दोन उलट्या दिशांनी चालते. स्त्रीबीजापर्यंत कोलेस्टेरॉल पोचवावं लागतं आणि शुक्राणूच्या अंगावरून ते उतरवावं लागतं.

आधी दोघांना लागणारी गोष्ट सांगतो. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही सगळी संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात. त्याची पहिली काटछाट मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पटलावर (पडद्यावर) होते, पण कोलेस्टेरॉल बाहेरच्या पटलापाशीच अडून बसतं. ते आत नेणारं प्रथिन बार्बरा क्लार्क आणि डग्लस स्टोको यांनी १९९४ साली टेक्सासमध्ये उंदराच्या वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींत शोधलं. त्याचं नाव 'स्टार'. दुसऱ्याच वर्षी कळलं की याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेली माणसाची बाळं जन्मतात. त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी चरबीने भरून जातात आणि संप्रेरकं बाहेरून दिली नाहीत तर बाळ वाचत नाही.

या आजारातली एक गोष्ट मला दरवेळी थांबवते. मुलाची गुणसूत्रं असलेल्या बाळाचं वृषण गर्भातच कामाला लागायचं असतं. ते टेस्टोस्टेरॉन बनवू शकत नाही, म्हणून बाळ बाहेरून मुलीसारखं दिसतं. मुलीचं अंडाशय मात्र वयात येईपर्यंत शांत असतं, म्हणून तोवर सुरक्षित राहतं. ती वयात येते, तिला पाळीही येते. पुढे महिन्यामागून महिना, आत न गेलेलं कोलेस्टेरॉल पेशींत साचत जातं आणि अंडाशय निकामी होऊ लागतं. इथे पेशीचं नुकसान काम केल्यामुळेच होतं.

आता स्त्रीबीज. सोनोग्राफीत डॉक्टर ज्याची वाढ मोजतात, त्या फॉलिकलच्या, म्हणजे बीज वाढतं त्या पिशवीच्या, आतल्या थरात बीज बाहेर पडेपर्यंत रक्तवाहिनी नसते. भोवतीच्या पडद्यातून एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, मोठे कण आत शिरत नाहीत. शिरतात ते मुख्यतः एचडीएलचे लहान कण, तुमच्या रिपोर्टातलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल. तिथल्या पेशींवर एसआर-बीवन नावाचं प्रथिन असतं. ते एचडीएलचा अख्खा कण न गिळता त्यातलं कोलेस्टेरॉल तेवढं काढून घेतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं होत नाहीत. पण त्यांच्या रक्तातलं बिघडलेलं एचडीएल प्रोब्यूकॉल या औषधाने सुधारलं, तेव्हा त्या व्यायल्या! म्हणजे दोष बीजापुरता नव्हता, त्याच्याकडे येणाऱ्या मालातही होता. उंदराचं बीज स्वतः कोलेस्टेरॉल बनवण्यात फार कच्चं असतं. भोवतीच्या क्युम्युलस पेशी ते बनवून त्याला पुरवतात, आणि तसं करायला बीजच त्यांना उद्युक्त करतं. हे वाचलं तेव्हा मला त्या एवढ्याशा पेशीचं फार अप्रूप वाटलं.

शुक्राणूचं उलट. १९५१ साली अमेरिकेत मिन च्यूए चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी एकमेकांशी संबंध नसताना एकच गोष्ट दाखवली: ताजा शुक्राणू बीज फळवू शकत नाही, त्याला आधी मादीच्या जननमार्गात काही तास काढावे लागतात. त्या तासांत काय घडतं, हे नंतर उलगडत गेलं. वीर्यातल्या द्रवात भरपूर कोलेस्टेरॉल असतं आणि ते शुक्राणूला वेळेआधी तयार होऊ देत नाही. पुढे जननमार्गातलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात असतं तेच साधं प्रथिन, त्याच्या पटलावरचं कोलेस्टेरॉल उचलून घेतं. म्हणूनच आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत वीर्य धुऊन शुक्राणू वेगळे करतात आणि ज्या द्रवात ठेवतात त्यात सहसा अल्ब्युमिन घातलेलं असतं. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. शुक्राणूला असं तयार करणं हा त्या वाटेवरचा एक टप्पा असतो.

कोलेस्टेरॉल उतरलं की पटल सैल पडतं, बायकार्बोनेट आणि कॅल्शियमच्या मदतीने आतली यंत्रणा जागी होते, शेपटीचा मार जोरकस होतो, आणि डोक्यावरची विकरांची (एन्झाइमांची) पिशवी फुटायला तयार होते. त्याआधी शुक्राणू बीजापर्यंत पोचला, तरी बाहेरच राहतो.