वेचणी होऊ दे, मग पाहू

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचतगटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

बायांनो, इथं बसलेल्या निम्म्या जणींच्या ब्लाउजची मापं माझ्या वहीत आहेत. कोणाचा खांदा उतरता, कोणाला खोल गळा चालत नाही, सगळं मला पाठ आहे. आणि तरी स्वतःच्या छातीतली गाठ मी पाच महिने अंगावर काढली. आज त्या पाच महिन्यांबद्दल बोलायला उभी आहे.

तेव्हा मी ३१ वर्षांची होते. धाकटा दीड वर्षाचा, अजून अंगावर पीत होता. आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेकडे, बोराच्या बीएवढं कडक काहीतरी हाताला लागलं. बोटानं ढकललं तर सरकेना. दुखतही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "दुधाची गाठ असंन वं, शेकून घे." जवळच्या दवाखान्यातही तेच सांगितलं आणि गोळ्या दिल्या. माझं वय पाहून कोणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. दिवाळी होऊन गेली होती, पऱ्हाटी कापसानं पांढरी झाली होती, वेचायला मजूर मिळत नव्हते. मी मनाशी म्हटलं, वेचणी होऊ दे, मग पाहू. वेचणी आटोपते न आटोपते तोच तूर आली. तूर घरात पडली आणि नणंदेचं लग्न निघालं.

लग्नाचे ब्लाउज शिवताना हात वर केला की काखेत ओढ बसू लागली. एका रात्री सगळे झोपल्यावर आरशासमोर उभी राहिले. गाठीच्या जागची कातडी आत खेचलेली होती. शिवताना दोरा ओढला गेला की कापडाला चुणी पडते ना, अगदी तशी. आतला धागा ताणल्याशिवाय कापडाला अशी चुणी पडत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी खाली बसले ती पहाटेपर्यंत उठले नाही.

आपल्याकडे दुखलं तरच त्याला दुखणं म्हणतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि म्हणूनच बाई कामाला लागते. दूध पाजणाऱ्या बाईच्या बहुतेक गाठी साध्याच असतात, हे खरं आहे. पण दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर ती शेकत बसायची नाही, तपासायची. तरुण वयात छाती दाट असते, त्यामुळे मॅमोग्राफीत, म्हणजे छातीच्या एक्स-रेत, गाठ झाकून जाऊ शकते. म्हणून आधी सोनोग्राफी करतात आणि शंका आली तर सुईनं तुकडा घेऊन तपासतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं माझ्या जावेला कोणीतरी सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्या भीतीपायी आमचे आणखी आठ दिवस गेले, त्याचा मला अजून राग येतो.

हा म्हाताऱ्या बायांचा आजार आहे, असंही कोणी समजू नका. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना स्तनाचा कॅन्सर निघाला, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो.

औषध सुरू होण्याआधी दूध तोडावं लागलं. दोन रात्री लेकरू जावेच्या कुशीत रडत होतं आणि मी भिंतीच्या अलीकडे, छाती दाटून आलेली, तोंडात पदर कोंबून पडले होते. सगळ्या उपचारात मला त्याहून जड काही गेलं नाही.

मग लाल औषधाच्या चार कीमो, दर २१ दिवसांनी एक. पुढं दर आठवड्याला एक, अशा बारा. मग ऑपरेशन, डावं स्तन पूर्ण काढलं. मग १५ दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. खर्च जनआरोग्य योजनेतून झाला. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा. पूर्वी मर्यादा दीड लाखाची होती, आता पाच लाखांची आहे. आणि प्रत्येकीनं मुंबईला टाटालाच जायला पाहिजे असंही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

केस गेले तेव्हा बाजारात एका म्हातारीनं विचारलं, "नवरा हाय ना वं माय?" माझ्या कपाळावर कुंकू होतं, तरी तिनं विचारलं. घरच्यांनी गावात सांगितलं होतं, पिशवीचं ऑपरेशन झालं. मीही तेच सांगत राहिले. स्तन हा शब्द मी मोठ्यानं पहिल्यांदा म्हटला तो वर्षभरानंतर, आणि तोवर माझ्यासारखी गाठ असलेली एखादी माझ्या शेजारी बसून गेली असेल तर तिला मला विचारताही आलं नसेल. ते मला फार लागतं.

३२ व्या वर्षी माझी पाळी थांबली. भर थंडीत अंगाची आग व्हायची, घामानं गोधडी भिजायची. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, वर्षानुवर्षं. ती चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. मला एक मुलगी हवी होती. कीमोच्या आधी डॉक्टरांना याबद्दल विचारता येतं, मोठ्या शहरांत बीज जपून ठेवायची सोय असते, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या लेकीसुनांवर अशी वेळ आली, तर पहिल्या कीमोच्या आधी हा प्रश्न विचारा. लाजू नका, तो तिचा हक्क आहे.

काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे डावा हात सुजतो. पुढच्या हंगामात मी हट्टानं वावरात गेले. बोंडाचं टोक बोटात शिरलं, एवढंसं. रात्रीपर्यंत हात कोपरापर्यंत लाल आणि अंगात ताप. ज्यांचं असं ऑपरेशन झालं आहे त्यांनी त्या हातानं कापूस वेचू नये. वेचावाच लागला तर हातमोजा आणि पूर्ण बाही घालावी. त्या हाताला सुई टोचू देऊ नये, बीपीचा पट्टाही दुसऱ्या हाताला लावायला सांगावं.

ब्लाउजचं मात्र मी माझं मीच सोडवलं. आधी नुसत्या कापसाची गादी केली, तर ती हलकी, ब्लाउज एका बाजूनं वर चढे. मग मलमलच्या पिशवीत मोहरी भरली, तिच्यावर कापसाचा थर दिला आणि धुवायला काढता येईल असा खोळ शिवला. वजन दुसऱ्या बाजूएवढं झालं आणि पदर खांद्यावर पहिल्यासारखा बसला. त्या दिवशी मी आरशासमोरून लवकर हलले नाही. आता ज्या मागतील त्यांना करून देते, पैसे घेत नाही.

माप घेताना मी आता दार लावते आणि प्रत्येकीला विचारते, हाताला काही लागतं का? मागच्या हिवाळ्यात एक २७ वर्षांची सून गप्प झाली, मग म्हणाली, "लागते जी, पण वेचणी होऊ द्या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी तिला घेऊन यवतमाळला गेले. गाठ साधी निघाली. दोन दिवसांचा कापूस तिच्या नवऱ्यानं वेचला.