पिंपाच्या बुडातला सूर

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद. लोक इथे येतात, बीचवर पडून राहतात, नारळपाणी पितात आणि जातात. जाऊ देत बापडे. आपण आलोय पॅनयार्डात, म्हणजे बँडच्या सरावाच्या अंगणात. कार्निव्हलच्या आधीचे आठवडे इथे रोज रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस, गणपतीआधी पुण्यात ढोल पथकांची चालते ना अगदी तशीच, फक्त वाजवायला ढोल नाहीत, पिंपं आहेत.

(इथे निवेदन थांबवा, बँड वाजू दे.)

हेच ते पिंप, याचंच ‘पॅन’ नावाचं वाद्य बनतं. तेलाचं, 55 गॅलनचं, आपल्याकडे पाणी भरून ठेवतात तसलं. उलटं ठेवलंय आणि हे काका घणाने त्याच्या बुडावर हाणतायत, घाईने नाही हं, कडेकडेने गोल फिरत. बूड हळूहळू कढईसारखं आत जातं. पत्रा ताणला जातो, पातळ होतो, एक घाव चुकला आणि फाटला की पिंप भंगारात. मग आखणी, जाड सूर कडेला, बारीक मधोमध, आणि प्रत्येकाभोवती पंच ठोकून खाच, म्हणजे एकाचा सूर दुसऱ्यात सांडत नाही. मग पिंप कापायचं, बारीक सुरांचं आखूड, बेसचं जवळपास अख्खंच ठेवतात. मग जाळ. आणि मग खरं काम, छोटी हातोडी, एक टिचकी खालून, एक वरून, कान पत्र्याला लावून.

हे सगळं का, तर ढोलावर बंदी आली म्हणून. 1880च्या दशकात इंग्रज सरकारने गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन लोकांचे ढोल बंद पाडले, लोकांनी बांबू आपटले, 1930च्या दशकात बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, हाताला लागेल ते, आणि महायुद्धाच्या सुमारास ही पिंपं. पॅन वाजवणारा म्हणजे वाया गेलेला, असंच धरायचे. 1951 मध्ये यांचाच बँड लंडनला वाजवून आला, 1992 मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य झालं.

आणि हा बाजूला जो कडकडाट चाललाय तो टासा. हो, आपला ताशाच! 1845 पासून कलकत्त्याहून जहाजं भरून मजूर आले, त्यांच्याबरोबर आलेला. 1884 मध्ये हाच टासा वाजवत निघालेल्या मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं गेली.

आता परत काकांकडे. हा सूर ऐका, थोडा उतरलाय.

(टिचकी.)

अजून नाही.

(टिचकी.)